गुळण्या

"अहो दातकाका, पुढे या ना, तुमचाच प्रांत आहे!" मागून वर्गातली एक पोरगी कुजबुजली आणि बाकीची फिदीफिदी हसली.

दातकाका पुढे झाला नाही. वॉर्डातल्या त्या पलंगापासून चार पावलांवरच त्यानं श्वास रोखून धरला. तोच वास. सडक्या हिरड्यांचा, शिळ्या लाळेचा, पू धरलेल्या दाढेचा. शी! या वासापासून पळ काढूनच तर तो इथे आला होता.

अकरा वर्षं त्यानं दातांचा डॉक्टर म्हणून लोकांच्या तोंडात डोकावून काढली होती. अंगावर उडणारी थुंकी, फटींत कुजलेलं अन्न, ऐन वेळी दिलेली ढेकर. एकावर एक दोन मास्क, त्यावर चष्मा, वर प्लास्टिकचं आवरण, एवढा जामानिमा करून तो खुर्चीशी उभा राहायचा आणि शेवटचा पेशंट जाईपर्यंत त्यातलं काही उतरवायचा नाही. तरी जेवायला बसलं की सकाळची तोंडं आठवायची. शेवटी शेवटी तर बायको हसली तरी आधी तिच्या दाढा दिसायच्या आणि तो मान फिरवायचा.

अडतिसाव्या वर्षी दवाखान्याला कुलूप ठोकून तो मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला जाऊन बसला. सासरे म्हणाले, "जावईबापू, डॉक्टर होताच की! आता पुन्हा काय होणार, डबल डॉक्टर?" बायकोनं मात्र शाळेची नोकरी धरली, शिकवण्या धरल्या आणि पाच वर्षं एकटीनं घर ओढलं. आता शेवटची परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती.

पलंगावरच्या माणसाचा अर्धा चेहरा पट्टीखाली होता. बोलता येत नव्हतं, म्हणून नर्सनं त्याच्या हातात पाटी दिली होती. सर्जरीच्या मॅडमनी पट्टी उचलली. दोन मुलं मागे सरकली.

"गालाचा कॅन्सर. जबड्यापर्यंत पोचलाय," मॅडम म्हणाल्या. "दादा, जमेल तेवढं तोंड उघडा."

दोन बोटं जातील एवढंच उघडलं. दातकाकाला पेशंटचे चेहरे कधी लक्षात राहत नसत, दात मात्र राहत. वरचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले. त्यातल्या एकाचा कोपरा तुटलेला आणि तिथे सिमेंटचा तुकडा. तो तुकडा त्यानंच बसवला होता. रंग जरा चुकलाच होता.

तो पुढच्या पोराच्या आड सरकला.

दवाखाना बंद करायच्या आधीचा तो महिना. ट्रक चालवणारा हा माणूस, दाताचा तुकडा बसवून वर्ष झाल्यावर, पुन्हा आला होता. "गालात आतून खुपतंय," म्हणाला होता. छोट्या आरशात पांढरा चट्टा दिसला होता. दिसला होता, कसला दिसला नव्हता! पण तोंडाला असा भपकारा सुटला होता, की कधी एकदा हा उठतो असं झालेलं. त्यानं गाल ताणून बघितला नाही, बोट लावलं नाही. "काही नाही, गुळण्या करा," असं सांगून पाच मिनिटांत वाटेला लावलं.

"कधीपासून आहे हे?" मॅडमनी विचारलं.

"पाच वर्षं," माणसानं लिहिलं.

"पाच वर्षं! आणि कुणाला दाखवलं नाहीत?"

"दातांच्या डॉक्टरला. गुळण्या करा म्हणाले."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "गुळण्या? अरे, तेव्हाच तपासलं असतं तर हा माणूस आज घरी बसून पोटभर जेवत असता! दादा, नाव सांगा त्या गृहस्थाचं. दातांचा असो नाहीतर कसलाही, त्याला पुन्हा कुणा पेशंटच्या वाऱ्यालाही उभं राहू देणार नाही मी."

माणसाची नजर घोळक्यावरून फिरत गेली. सगळी विशीतली पोरं, त्यांत पिकल्या केसांचा हा एकटा. नजर त्याच्यावर आली आणि तिथेच थांबली. दातकाकाला वाटलं, संपलं सगळं. बायकोला काय सांगायचं? कुठल्या तोंडानं सांगायचं?

खडू पाटीवर करकरला. "नाव आठवत नाही."

मॅडम चडफडत पुढच्या पलंगाकडे गेल्या.

दातकाका तडक संडासात गेला आणि भडाभडा ओकला. चूळ भरताना समोरच्या आरशात त्यानं स्वतःकडे पाहिलं आणि त्याला पुन्हा उमळून आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडांची किळस केली, आज स्वतःच्या थोबाडाची आली. ज्या माणसाला आपण हाकललं, त्यानं ओळखूनही आपल्याला पाठीशी घातलं! हे ओझं घेऊन परीक्षेला बसणं त्याला शक्यच नव्हतं.

दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर तो परत आला. स्टूल अगदी पलंगाला चिकटवून बसला. वास येत होता. तो मागे सरला नाही.

"तुम्ही मला ओळखलंत आणि तरी बोलला नाहीत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घर वाचवलंत माझं. सहा आठवड्यांनी मी परीक्षेला बसेन, ते केवळ तुमच्यामुळे. पण खरं सांगतो, त्या दिवशी चट्टा मला दिसला होता. किळस आली म्हणून मी तुम्हाला गुळण्या सांगून कटवलं. माफ करा म्हणायचीही लाज वाटते मला."

बाहीनं पाटी पुसून माणसानं सावकाश लिहिलं आणि ती त्याच्याकडे फिरवली.

"तो तुम्ही? मी तर त्याचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता."

मग त्यानं पाटी खाली ठेवली आणि उशाशी असलेली, नर्सला बोलवायची घंटी दाबून धरली.