वरच्या गावाचा फोन

नाल्याकाठच्या दोन गावांनी मिळून पुराचा आराखडा केला. पाणी चढलं की वरच्या गावातल्या प्रेमराजने फोन करायचा आणि खालच्यांनी गाव सोडायचं. खालच्या गावचे लोटन आबा तेव्हाच म्हणाले, "गाव रिकामं करीसन वरला लोके आम्हन्या केळी कापी लई जातीन!"

श्रावणात फोन आला. सगळे निघाले; आबा मात्र केळी राखत मळ्यातच बसले. पाणी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते तावातावाने भांडायला वर गेले. प्रेमराजची केळीबाग कमरेएवढ्या पाण्यात आडवी झाली होती.



प्रेमराज म्हणाला, "फोन खोटा नव्हता, आबा. गावना बठ्ठा लोके निंघी गयात, पण तुम्ही हालत नही, असं समजनं. मंग नालाना बांध फोडीसन पाणी मन्हाच वावरमा लिधं."