कोऱ्या नोटा

भालचंद्रने अल्बम उघडून घरी आलेले जुन्या नोटांचे व्यापारी मुनोतशेठ यांच्यापुढे सरकवला. इंग्रज राजाचा चेहरा जाऊन अशोकस्तंभ आला, तेव्हाच्या एक रुपयाच्या पहिल्यावहिल्या सरकारी नोटा. तीस वर्षं त्याने त्यांना कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं. आज त्या विकल्या तरच उद्या लेकीचं ऑपरेशन होणार होतं. बाकी सगळी दारं ठोठावून झाली होती.

शेठनी भिंग उचललं आणि तसंच खाली ठेवलं. प्रत्येक नोटेवर हळदीकुंकवाचं ओलसर बोट उमटलं होतं.

"कोऱ्या होत्या म्हणून मोल होतं, भालचंद्रराव. आता घेणार कोण?" एवढं बोलून शेठ निघून गेले.

भालचंद्र तिरमिरीत स्वयंपाकघरात शिरला. बायको देवापुढे बसली होती. तिची बोटं अजून लाल होती.

"घेतल्या का हो त्यांनी?" तिने विचारलं. "जन्मभर सवत म्हणून या नोटांचा राग केला. आज लेकीसाठी लक्ष्मी म्हणून पुजल्या, पाया पडून माफी मागितली."

ओठांवर आलेली शिवी गिळून तो तिच्याशेजारी बसला. हात जोडले, पण मागायचं काय, तेच त्याला सुचेना.