तुटण्यासाठी बांधलेला दोरा

नवऱ्याचं हँग ग्लायडर आणि त्याला आकाशात ओढणारा दोर यांच्यामध्ये ती दर उड्डाणाआधी बारीक दोरा बांधायची. ताण मर्यादेपलीकडे गेला की तो तुटायचा आणि नवरा वाचायचा. पूर्वी वरचेवर तुटायचा, नवरा वैतागायचा. गेल्या महिनाभरात मात्र एकदाही तुटला नव्हता. “तुझ्या हातात देव आहे गं,” तो म्हणायचा, आणि ती देवापुढे जास्त वेळ बसायची. आज वारा जोराचा होता, म्हणून दोर खेचणारं यंत्र सुरू करण्याआधी तिने गाठ पुन्हा चाचपली. दोऱ्याआड पोलादी तार लपवलेली होती. “सारखा तुटायचा म्हणून तू बांधून वळलीस की मीच घालतो. घाबरतेस काय, ओढ!” “अहो, मी महिनाभर देवाचे आभार मानत होते,” ती हळूच म्हणाली. “देवाला काय, आभार मिळाल्याशी कारण!” तो हसला. तिने यंत्राची किल्ली काढली. “अगं, चाललीस कुठे?” “देवाला खरं सांगायला.”