बसलेली घार

“शेपटी सरळ ठेवू की दुभंगलेली?” सासूबाईंनी कात्री थांबवून विचारलं.

“दुभंगलेली,” बाई म्हणाल्या. “घारीची तशीच असते.”

“आणि तोंड?”

“जरा रागीट.”

“ते जमेल,” असं म्हणून सासूबाईंनी सासऱ्यांचा तपकिरी कोट उभा कापला. “यांच्या अंगावर तरी कुठे शोभायचा!”

बाई ग्रंथालयात कामाला होत्या. गेली नऊ वर्षं दर रविवारी संध्याकाळी त्या आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला रस्त्याकडेच्या जुन्या झाडाखाली उभे राहून झोपायला येणारे पोपट मोजायचे. चारशेच्या आसपास भरायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी त्याबद्दल विचारतही नव्हतं. वही मात्र भरत होती.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. झाड मधोमध येत होतं. बाईंनी हरकत घेतली. उत्तर आलं: नियमात घरट्याला संरक्षण आहे, झोपेला नाही. चारशे पोपट कायद्यानं पाहुणे ठरले.

तेवढ्यात वरच्या बेचक्यात एका घारीनं घरटं बांधलं आणि काम थांबलं. रस्ता थोडा वळवावा या अर्जाची सुनावणी तीन महिन्यांवर होती. तोवर घार बसून राहिली की झालं.

अकराव्या दिवशी घार उठून गेली ती परत आलीच नाही.

“सुनावणीची तारीख तिला कळवायला हवी होती,” सायकलवाला म्हणाला.

म्हणून कोटावर कात्री चालली.

कापडाची घार पिशवीत घालून सायकलवाला झाडावर चढला, तोही भरदुपारी. “रात्री चढलो तर चोर म्हणून धरतील,” तो म्हणाला. “दुपारी कोण वर बघतंय?” खरंच, कुणीही बघितलं नाही. खाली उतरल्यावर एका गिऱ्हाईकानं फक्त पंक्चर झालं का विचारलं.

दर सोमवारी झाडांच्या खात्याचे एक अधिकारी पाहणीला यायचे. सगळे त्यांना पाठीमागे फूटपट्टी म्हणत. एकदा त्यांनी एका बाकाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड आहे म्हणून अख्खी बाग बंद ठेवली होती. दुर्बीण लावून ते बराच वेळ वर पाहायचे, मग “बसलीय” एवढंच म्हणून कागदावर लिहायचे.

ते गेले की बाईंना सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच लाज वाटायची. नऊ वर्षांत त्यांच्या वहीत एकही खोटा आकडा नव्हता. धुक्यात दिसलं नाही तर त्या ‘दिसलं नाही’ असंच लिहायच्या. आता घारीच्या रकान्यापाशी पेन अडायचं. रकाना कोराच राहायचा.

“कोरा म्हणजे खोटा नाही,” सायकलवाला म्हणायचा.

“खराही नाही रे.”

“झाड उभं आहे ना, बाई?”

झाड उभं होतं. संध्याकाळी पोपट नेहमीसारखेच भांडत यायचे आणि जागेवरून आणखी भांडून झोपायचे.

पाचव्या आठवड्यात कंत्राटदाराच्या मुकादमानं लेखी तक्रार केली. पक्षी हलत नाही. पाच आठवडे एकाच दिशेला तोंड. “माझी आत्या संपावर बसली होती, तीसुद्धा अधूनमधून कूस बदलायची,” तो सगळ्यांना सांगत फिरला. फूटपट्टींनी हुकूम काढला: सोमवारी सकाळी प्रत्यक्ष वर जाऊन तपासणी.

त्या सोमवारी दिव्यांच्या दुरुस्तीची गाडी आली. तिच्या वर उचलल्या जाणाऱ्या पाळण्यात एकच माणूस मावत होता. मुकादम पुढे सरकला.

“तपासणी माझी आहे,” फूटपट्टी म्हणाले आणि कागदपत्रांची पिशवी खांद्याला लावून पाळण्यात चढले.

बाई सायकलवाल्याजवळ सरकल्या. “मी आत्ताच सांगून टाकते,” त्या कुजबुजल्या. “नाव माझं येऊ दे. तू गप्प राहा.”

“वर मी चढलो होतो, बाई.”

“कल्पना माझी होती. आणि कोट आमच्या घरातला.”

“मग सासूबाईंनाही आत घ्या. तेवढाच सोबतीला गोतावळा.”

पाळणा फांद्यांत शिरला. पानांमागे फूटपट्टींची पाठ तेवढी दिसत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुकादमानं करवतवाल्यांना फोन लावून तयार राहायला सांगितलं. बाईंनी मनातल्या मनात कबुलीचं पहिलं वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं.

पाळणा खाली आला. फूटपट्टींनी बाहीवरची पानं झटकली.

“तीन पिल्लं,” ते म्हणाले.

“काय?” मुकादम आणि बाई एकदमच म्हणाले.

मुकादमानं दुर्बीण हिसकावली. घरट्याच्या काठावर तीन पांढुरकी डोकी दिसत होती. त्यानं दोनदा मोजली. मग शिवी गिळून फोन लावला आणि करवतवाल्यांना घरी जायला सांगितलं. त्याची मोटरसायकल वळणापलीकडे गेली.

बाईंनी सायकलवाल्याकडे पाहिलं. “मी एकच नेली होती,” तो पुटपुटला. “आईशप्पथ.”

“साहेब,” बाई पुढे झाल्या. “मला काहीतरी सांगायचंय. ती घार...”

“आधी सही करा.” फूटपट्टींनी कागद पुढे केला. “घारीची पिल्लं झपाट्यानं वाढतात, ठाऊक आहे ना? पुढच्या सोमवारी ती दीडपट दिसायला हवीत. पिसंही फुटलेली.”

बाईंनी सही केली. कशावर केली ते त्यांना दिसलंच नाही.

“त्यामुळे पुढची तीन तुमच्या घरीच शिवा,” फूटपट्टी पेनाला टोपण लावत म्हणाले. “माझ्या चोची वाकड्या येतात.”