दर रविवारी तापणारा धूमकेतू

गास्पारेने सभागृहातल्या पडद्याची तार जोडली आणि समोर उमटलेला आलेख पाहून त्याच्या हातातली पक्कड खाली पडली.

आलेख धूमकेतूच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा होता. धूमकेतूसोबत चाललेल्या यानातलं उष्णता मोजणारं यंत्र रोमच्या याच प्रयोगशाळेत बनलं होतं. फेब्रुवारीपासून सहा महिने ते एका काळ्या डागाचं तापमान टिपत होतं. रेघ शून्याखाली सत्तर अंशांवर सरळ चालली होती. मग एक उंचवटा. पुन्हा सरळ, पुन्हा उंचवटा. गास्पारेने खालच्या तारखांवरून बोट फिरवलं. सगळे उंचवटे रविवारचे होते.

"बघत काय बसलास?" प्रोफेसर एर्सिलिया मागून म्हणाल्या. त्यांनी आज ठेवणीतला निळा कोट घातला होता. "वीस वर्षं मी ओरडतेय, असल्या डागांवर बर्फ नसतो, कोरडी धूळ असते. म्हणून बघ कसा झपकन तापतो. ते जर्मन लोक मला हसायचे. आज पहिल्या रांगेत बसवलंय त्यांना."

साडेदहा वाजले होते. अकराला व्याख्यान होतं. गास्पारे खुर्चीवर बसला.

त्याचं खरं काम तळघरात होतं. यानातल्या यंत्राचं एक जुळं भावंड तिथल्या टाकीत ठेवलं होतं, आकडे ताडून पाहण्यासाठी. टाकी धूमकेतूइतकी गार राहावी म्हणून गास्पारेने रोज सकाळी तिच्यात द्रव नायट्रोजन ओतायचा आणि वहीत सही करायची. रोज म्हणजे रविवारीही. पण रविवारी तो सकाळीच निघून वेल्लेत्रीला सासूबाईंकडे जेवायला जायचा. ते जेवण बाराला सुरू व्हायचं आणि पाचला संपायचं. सोमवारी तो दोन दिवसांच्या सह्या एकदम करायचा. रविवारी टाकी खुशाल तापायची.

गेल्या वर्षी एकदा जुळ्याचे आकडे चुकून यानाच्या नावावर नोंदले गेले होते. आताही तेच झालं असणार. पडद्यावर धूमकेतू नव्हताच. पडद्यावर त्याच्या सासूबाईंकडची सव्वीस जेवणं होती. त्याला तर ईस्टरचा उंचवटा जरा जास्तच लठ्ठ वाटला.

बोलावं तर नोकरी जाणार. गप्प बसावं तर बाई दोनशे शहाण्या माणसांपुढे त्याची जेवणं धूमकेतू म्हणून दाखवणार, आणि पुढची वीस वर्षं जर्मन लोक हसणार. गास्पारे उठला.

"प्रोफेसरबाई, हा धूमकेतू नाही. हा मी आहे."

"बरं वाटत नाही का तुला?"

मग त्याने सगळं सांगितलं. टाकी, सह्या, वेल्लेत्री.

"दर रविवारी?" बाईंनी विचारलं.

"सासूबाईंना नाही म्हणता येत नाही. तुम्ही त्यांना पाहिलं नाही."

"टाकी तुझ्या हवाली केली तेव्हा तू आईची शपथ घेतली होतीस."

"आईची घेतली होती, बाई. सासूची नाही."

एर्सिलियाबाई सभागृहाच्या दारापर्यंत गेल्या, बाहेर डोकावल्या आणि दार लावून परत आल्या. आता तळघराची किल्ली मागणार, असं समजून गास्पारेने ती खिशातून काढूनही ठेवली.

"आणखी कुणाला बोललास हे?"

"कुणालाच नाही."

"मग बोलूही नकोस. हे आकडे धूमकेतूचेच आहेत. त्याला स्वतःभोवती एक फेरी मारायला सात दिवस लागतात. तो डाग उन्हात येतो तो नेमका रविवारी. फोटोतही दिसतं ते." बाईंनी आवाज आणखी उतरवला. "तुझ्या टाकीचे आकडे यात मिसळायचे म्हटलं तरी मिसळले नसते. तुझं ते जुळं यंत्र जानेवारीतच जळलं."

"जळलं?"

"माझ्याच हातून. चुकीचं बटण दाबलं. मग सांगायची लाज वाटली, म्हणून कुणाला कळवलं नाही."

"म्हणजे इतके महिने मी रोज सकाळी ओततोय ते..."

"मढ्याला गार ठेवतोयस. माफ कर मला. उद्यापासून सकाळी येऊ नकोस. सुट्टीच समज. मी तुझं सांगत नाही, तू माझं सांगू नकोस."

बाहेर पाहुण्यांच्या पावलांचे आवाज येऊ लागले होते. गास्पारेने घाईघाईने किल्ली उचलून पुन्हा खिशात घातली.

"मी येत राहीन, बाई," तो म्हणाला. "तुम्ही फक्त हे वेल्लेत्रीला कळू देऊ नका. सासूबाई उरलेले सहा दिवसही जेवायला बोलावतील."