न्यूट्रलवरची टिकली

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणला आणि त्याच क्षणी वरच्या खोलीतला दिवा दुपटीने उजळला. मिनिटभरात फ्रीज जळाला, टीव्ही जळाला, आणि वर अंथरुणाला खिळलेल्या घरमालकांचं ऑक्सिजनचं यंत्रही जळालं. रुग्णवाहिका येईपर्यंत ते गेले होते.

पाचव्या दिवशी मास्तर हत्यारांची पिशवी घेऊन आले. घरमालकीण त्यांची धाकटी बहीण. तीस वर्षं त्यांनी वायरिंग शिकवलं होतं. त्यांच्या अहवालावर सहसा कोणी दुसरं मत मागत नसे.

"तू लिहून दे, दादा," बहीण म्हणाली. "कागद हातात पडला की मी तक्रार करते. लायसन तर जाईलच, पण या घराचा उंबरठाही त्याला पुन्हा ओलांडू देणार नाही."

'तो' म्हणजे तिचा जावई. बोर्डाशेजारी हात मागे बांधून उभा होता. भाची जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. ना वर, ना खाली.

"आई, मी फक्त सर्जचा डबा बसवला," जावई म्हणाला.

"फक्त! बारा वर्षांपूर्वी दादानं हा बोर्ड बसवला, माझ्या मरून नेलपॉलिशची अख्खी बाटली संपवली, पण कधी दिवा लुकलुकला नाही. तुझा हात लागला आणि आठ दिवसांत घरातला माणूस गेला."

"डब्याचा दोष नाही," मास्तर कोरडेपणाने म्हणाले. "तो विजेचा क्षणभराचा तडाखा झेलतो. हे मिनिटभर चाललं. न्यूट्रलची, म्हणजे परतीची, तार सुटली की तीन फेजच्या घरात व्होल्टेजला धरबंध राहत नाही. एका खोलीला उपाशी ठेवून ते दुसरीच्या डोक्यावर ओततं. अशा वेळी पुरवठा तोडणारा रिले लागतो."

"तो पुढच्या आठवड्यात लावणार होतो, सर."

जावई त्यांचाच विद्यार्थी. त्यांच्या वर्गाचा नियम एकच होता: स्क्रू पूर्ण आवळायचा, मग रंगाची टिकली लावायची, अर्धी स्क्रूवर, अर्धी त्याखालच्या पट्टीवर. स्क्रू पुढे ढिला झाला की टिकली तडकते. आणि टिकली असलेल्या स्क्रूला दुसऱ्याने हात लावायचा नाही. ज्याचा त्याचा रंग ठरलेला, जावयाचा पांढरा.

"मुख्य न्यूट्रलचा स्क्रू तपासलास?"

"नाही."

"का?"

जावयाने जिन्याकडे पाहिलं. "टिकली होती, सर."

"ऐकलंस?" बहीण म्हणाली. "वर तोंड करून सांगतोय!"

"तुला आणखी काही सांगायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही उघडून बघा, सर. मी काही बोलणार नाही."

मास्तरांनी मीटरजवळचा मुख्य स्विच पाडला, टेस्टरने दोनदा खात्री केली आणि झाकण काढलं. डब्याचे स्क्रू घट्ट होते. न्यूट्रलची तार त्यांनी दोन बोटांनी ओढली. ती अलगद हातात आली. टोक काळं पडलेलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांना लावला आणि पट्टीवर वाकून टिकली पाहिली.

"सापडलं?" बहिणीने विचारलं.

"सापडलं."

"मग लिही. नात्याकडे बघू नकोस."

"नाही बघत."

ते जेवणाच्या टेबलाशी बसले. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं.

'कारण: मुख्य न्यूट्रलचा स्क्रू. त्यावरची टिकली अखंड आहे. म्हणजे तो नंतर ढिला झालेला नाही, मुळात आवळलाच नव्हता. तार इतकी वर्षं केवळ आपल्या ताठपणावर टेकून होती. डबा बसवताना जरा हलली आणि पुढे सुटली. डबा बसवणाऱ्याने टिकली पाहून स्क्रूला हात लावला नाही. त्याला तसंच शिकवलं होतं. टिकली मरून रंगाची आहे. ती मी लावली आहे.'