धार काढणारी

"हा रोग एका शेळीकडून दुसरीकडे जातो तो दूध काढणाऱ्याच्या हातातून," डॉक्टर दीपमाला म्हणाली, आणि रामरावांच्या गोठ्यात जमलेल्या सगळ्यांनी एकदम सत्यशीलाबाईंच्या हातांकडे पाहिलं.

ते हात तेव्हाही एका शेळीच्या कासेला होते. पिंपळगाव रेणुकाईत कुणाची शेळी लाथा झाडायला लागली, पान्हा चोरायला लागली, की बोलावणं सत्यशीलाबाईंनाच यायचं. ज्या घरांचा उंबरा त्यांच्या आजीला कधी ओलांडता आला नाही, त्याच घरांतल्या बाया आता म्हणायच्या, सत्यशीलेच्या हाताला गुण आहे. बाईंना त्याचा केवढा अभिमान! गावातून चालतानाही मान जरा वरच असायची.

आता त्यांनी कास सोडली आणि हात पदराखाली घेतले.

"मंजे गावभर हिनंच नेला म्हणायचा," रामरावांची बायको गोजरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. पण बोलता बोलता तिनं दुधाची चरवी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

गावातल्या शेळ्यांच्या कासा दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. दुधाच्या जागी पिवळं पाणी यायचं, गुडघे सुजायचे. दृष्ट काढून झाली, अंगारे लावून झाले. शेवटी दीपमालानं घरोघरच्या दुधाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू सापडला. सगळ्यात जास्त सापडला तो रामरावांनी परतूरच्या बाजारातून आणलेल्या नव्या शेळीच्या दुधात. दिसायला ती अगदी ठणठणीत. पण ती यायच्या आधी गावात एकही शेळी आजारी नव्हती.

हे दीपमालानं मघाशीच रामरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. "मॅडम, हे आपल्या दोघातच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले होते. "आमच्या गोठ्याचं नाव खराब झालं तर बकऱ्या कोण घेईल?" आणि आता वड्याचं तेल वांग्यावर निघत असताना हा भला माणूस मूग गिळून उभा होता.

दीपमालाच्या अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोललं की काम झालं असतं. पण ती बोलली असती तर लोक म्हणाले असते, स्वतःच्या जातीची म्हणून बाजू घेतली. सरकारी डॉक्टरला तसं म्हणवून घेण्याची भीती वाटली, दुसरं काही नाही. तिनं घसा खाकरला.

"सगळ्यांनीच साबणानं हात धुवायचे. आणि सत्यशीलाबाई, तूर्त तुम्ही कुणाच्या शेळीला हात लावू नका."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आले. वरून पाहता सल्ला बरोबरच होता.

"बराबर हाय, मॅडम," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि भिंतीच्या कडेनं निघून गेल्या.

त्यांच्या घरच्या शेळीचा नमुना घ्यायचा राहिला होता, म्हणून दीपमाला मागोमाग त्यांच्याकडे गेली. "जयभीम, मावशी," ती दारातून म्हणाली. रामरावांच्या गोठ्यात बाई समोर असताना तिनं सगळ्यांना मिळून नुसता नमस्कार केला होता.

बाईंनी चहा केला. कप दीपमालाच्या हातात दिला नाही. तिच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"तुमच्या हातानं उचलून घ्या."

"मावशी, माणसाला होत नाही हो हा रोग. आणि साबणानं धुतले की हात स्वच्छ."

"म्हाईत हाय. मनच धजून न्हाई राह्यलं." बाई खाली बसल्या. "माझ्या आजीचं बरं होतं, मॅडम. तिच्या हातात काहीच न्हवतं, तरी लोक लांब पळायचे. तिला निदान त्यायला शिव्या देता आल्या. माझ्या हातात तर खरंच निघालं. मी कोणाला बोलू?"

दीपमालाला राहवलं नाही. "तुमच्यापासून सुरू नाही झाला, मावशी! रामरावांच्या त्या परतूरच्या शेळीतून आला. तिच्या दुधातून तुमच्या हाताला लागला. प्रयोगशाळेच्या तपासणीत तसंच निघालंय."

सत्यशीलाबाईंनी वर पाहिलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"मंग हे तिथं काहून न्हाई बोलल्या?"